अ‍ॅस्बेस्टॉस, मेसोथेलिओमा आणि विसरलेला हेतू

हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच साधनांनी व्याधीचे ज्ञान होते, हे आपण सर्व जण विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु प्रत्यक्ष चिकित्सालयात रुग्णांची गर्दी असता या पाचांपैकी रूपाकडेच आपले सर्व लक्ष लागते आणि हेतूची चौकशी आहारविहाराच्या चार ठरावीक प्रश्नांवर संपते. दही खाता काय, दिवसा झोपता काय, जागरण होते काय, व्यसन आहे काय, इतके विचारले की हेतू नोंदविला असे आपण मानतो. ज्या व्याधीचा हेतू तीस-चाळीस वर्षांपूर्वी घडून गेला, ज्याचा स्वतः रुग्णालाही विसर पडला, त्या व्याधीपुढे ही पद्धत किती अपुरी ठरते, याचा अनुभव आम्हांस वाटूर येथे आला. तो वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावा आणि त्या निमित्ताने अ‍ॅस्बेस्टॉसजन्य व्याधींचा परिचय करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी परतूर तालुक्यातील एक शेतकरी आमच्याकडे आले. वय सुमारे ६५. उजव्या बाजूस छातीत जडपणा, चालताना दम, कोरडा खोकला, अरुची आणि वजनात घट अशी लक्षणे होती. त्यापूर्वी अन्यत्र त्यांच्या छातीतून दोनदा पाणी काढण्यात आले होते आणि क्षयाची औषधे सहा महिने देऊन झाली होती. ज्वर नव्हता, कफात क्षयाचे जंतू कधीच आढळले नव्हते. आम्ही प्राणवह स्रोतसाची दुष्टी मानून श्वास-कासाच्या अनुषंगाने औषधयोजना केली. अडीच महिने गेले. दोन-चार दिवस बरे वाटे, पुन्हा दम वाढे. एके दिवशी त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “मुंबईला होतो तवा हे कारखान्यातून घरी यायचे, तर डोक्यावर, अंगावर कापूस पिंजल्यासारखं पांढरं असायचं. मी रोज कपडे झटकून धुवायची.” आम्ही विचारले, कारखाना कशाचा? उत्तर आले, ब्रेक लायनरचा. सुमारे ४० वर्षांपूर्वी त्यांनी तेथे ११ वर्षे काम केले होते. पुढे वाटणीची जमीन मिळाली म्हणून ते गावी परतले आणि त्यानंतर सर्वांसाठी ते केवळ शेतकरीच राहिले. आमच्या केसपेपरवरही व्यवसाय या रकान्यात ‘शेती’ एवढाच शब्द होता.

त्याच दिवशी त्यांना छत्रपती संभाजीनगर येथे पाठविले. फुप्फुसावरणाचा तुकडा काढून तपासला असता मेसोथेलिओमा असे निदान झाले. पुढे सात महिन्यांनी ते गेले. आमचे अडीच महिने वाचले असते तर ते बरे झाले असते असे आम्ही म्हणत नाही, कारण ही व्याधी तशी नाही. परंतु वारंवार साठणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त लवकर झाला असता, वेदना कमी झाल्या असत्या, आणि त्या कुटुंबास आपल्यावर काय ओढवले आहे हे वेळेत समजले असते. एक प्रश्न विचारावयाचा राहिला, हा दोष आमचाच होता.

द्रव्यपरिचय

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुरूप सिलिकेट खनिजांच्या समूहाचे व्यापारी नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. या समूहात सहा खनिजे गणली जातात. क्रायसोटाइल किंवा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस हा एका कुळातील असून क्रोसिडोलाइट (निळा), अमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट आणि अ‍ॅक्टिनोलाइट हे पाच दुसऱ्या, म्हणजे अँफिबोल कुळातील आहेत. दगड असूनही यांचे धागे निघतात, ते कापसाप्रमाणे पिंजता व विणता येतात. ते जळत नाहीत, आम्लाने व क्षाराने सहज झिजत नाहीत, उष्णता व वीज यांना अडवितात आणि सिमेंटमध्ये मिसळले असता त्यास बळकटी देतात. एवढे गुण आणि तेही अल्प किमतीत, म्हणून विसाव्या शतकात बाष्पकांची वेष्टने, वाफेच्या नळ्या, जहाजे, रेल्वेचे डबे, ब्रेक व क्लच यांची अस्तरे, भट्टीवरील हातमोजे, दोर, गॅस्केट आणि आपल्या सर्वांच्या परिचयाचे सिमेंटचे पत्रे व पाइप या सर्वांत त्याचा वापर झाला.

ज्या गुणांमुळे हे द्रव्य उद्योगास प्रिय झाले, नेमक्या त्याच गुणांमुळे ते शरीरास घातक ठरते. त्याचा धागा उभा चिरत चिरत इतका सूक्ष्म होतो की डोळ्यांस दिसत नाही; हवेत तासन् तास तरंगतो; श्वासाबरोबर वायुकोशांपर्यंत पोहोचतो आणि तेथे नष्ट होत नाही.

किंबर्लीचा धडा

या द्रव्याचा आणि मेसोथेलिओमाचा संबंध कसा उघडकीस आला, तो इतिहास आपल्यासाठी विशेष उद्बोधक आहे, कारण त्याचा आरंभही क्षयाच्या चुकीच्या निदानापासूनच झाला. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथील क्षय रुग्णालयाचे प्रमुख डॉ. स्लेग्ज यांच्या असे लक्षात आले की, शहराच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातून येणारे छातीत पाणी झालेले काही रुग्ण क्षयाच्या औषधांनी बरे होत नाहीत. इतर दिशांनी येणारे रुग्ण त्याच औषधांनी बरे होत होते. १९५६ मध्ये अशाच एका रुग्णाच्या शवविच्छेदनात विकृतितज्ज्ञ डॉ. वॅग्नर यांना फुप्फुसावरणाचे दुर्मिळ अर्बुद आढळले. पश्चिमेकडील त्या डोंगरांत निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९६० मध्ये वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एक अपवाद वगळता सर्वांचा त्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क घडलेला असावा, असे त्यांना आढळले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, त्या ३३ जणांतील सर्वच खाणकामगार नव्हते. काही जण केवळ बालपणी खाणीच्या परिसरात राहिले होते आणि नंतर अन्य गावी, अन्य व्यवसायात गेले होते. दुसरी ही की, हा शोध कोणत्याही नव्या यंत्राने लागला नाही. ‘तुम्ही कोठून आलात? पूर्वी कोठे राहत होता?’ या प्रश्नांनी तो लागला. देश व सात्म्य यांची चौकशी करण्यास आपली शास्त्रेही सांगतात. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे काय केले?

हेतू : कोणास विचारावे

१९६५ मध्ये लंडन येथील पाहणीत कामगारांच्या घरातील माणसे आणि कारखान्याच्या आसपास राहणारे रहिवासी यांतही मेसोथेलिओमा आढळला. पतीचे कपडे धुणाऱ्या स्त्रिया या गटात होत्या. आमच्या रुग्णाच्या पत्नीचे वाक्य आठवले की या माहितीचे गांभीर्य कळते. रुग्ण एक होता, परंतु संपर्क दोघांचाही होता.

वाटूरसारख्या गावी अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना नाही, मग आपणांस याचे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. परंतु मराठवाड्यातील माणूस गावीच राहतो असे नाही. कामासाठी तो मुंबई, ठाणे, पुणे येथे जातो आणि उतारवयात परत येतो. त्याची व्याधी त्याच्यासोबत येते, मात्र हेतू शहरात राहून जातो. शिवाय पुढील व्यवसाय आपल्या परिसरातही आहेत किंवा होते : साखर कारखान्यांतील व औष्णिक वीज केंद्रांतील बाष्पक आणि वाफेच्या नळ्यांवर वेष्टन चढविणारे व उतरविणारे कामगार, पोलादाच्या भट्ट्यांवर काम करणारे, जुन्या यंत्रांचे व जहाजांचे भंगार तोडणारे, जड वाहनांच्या ब्रेकची दुरुस्ती करणारे मिस्त्री, सिमेंटचे पत्रे कापणारे व बसविणारे गवंडी आणि त्यांचे मदतनीस. जालना हे पोलाद उद्योगाचे शहर आहे आणि आपल्या वाटूर फाट्यावर मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असते. तेव्हा हा विषय आपल्यापासून दूर नाही.

या सर्वांस रोग होईलच असे मुळीच नाही. संपर्काची मात्रा व काळ वाढेल तसा धोका वाढतो. मात्र ज्याखाली कर्करोगाचा धोका शून्य होतो अशी सुरक्षित मात्रा निश्चित झालेली नाही. धूम्रपान हे मेसोथेलिओमाचे कारण नाही. परंतु अ‍ॅस्बेस्टॉसने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपानाने अनेक पटींनी वाढतो. म्हणून ज्याचा असा संपर्क झाला आहे त्यास विडी-सिगारेट सोडण्याचा उपदेश आग्रहाने करावा.

संप्राप्ती

चरकाचार्यांनी हिक्का-श्वासाच्या हेतूंत रज व धूम यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. परंतु अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ ही सामान्य रजासारखी नाही. तिचा विचार शल्याच्या अंगाने केल्यास अधिक बोध होतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील प्रनष्टशल्यविज्ञानीय अध्यायात शरीरात दडून राहणाऱ्या शल्यांचे वर्णन केले आहे आणि काही धातूंची शल्ये कालांतराने शरीरात विरून जातात, परंतु दगडाची शल्ये विरत नाहीत, असा भेद केला आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू हे डोळ्यांस न दिसणारे असे दगडाचे शल्यच होय.

आधुनिक शास्त्रानुसार पुढील क्रम घडतो. वायुकोशातील भक्षक पेशी या तंतूस गिळण्याचा प्रयत्न करतात. तंतू पेशीपेक्षा लांब असल्यास तो पूर्ण गिळता येत नाही. पेशी मरते, दाहकारक द्रव्ये बाहेर पडतात, दुसरी पेशी येते, तिचीही तीच गत होते. हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. फुप्फुसाच्या ऊतीत त्यामुळे व्रणतंतू निर्माण होऊन फुप्फुस कठीण व आकुंचित होते. यास अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. काही तंतू फुप्फुसावरणापर्यंत सरकतात. तेथील पेशींच्या गुणसूत्रांस सतत इजा होत राहते आणि दीर्घकाळाने त्यांतून अर्बुद उत्पन्न होते. हृदयावरण व उदरावरण यांचेही अस्तर त्याच जातीच्या पेशींचे असल्याने तेथेही हे अर्बुद होऊ शकते. उदरावरणात झाल्यास जलोदरासारखे चित्र दिसते.

संपर्क आणि व्याधी यांत बहुधा ३० ते ४० वर्षांचे अंतर असते, क्वचित त्याहूनही अधिक. शरीरात दीर्घकाळ स्वस्थ राहून पुढे प्रकट होणाऱ्या दूषीविषाची कल्पना येथे स्वाभाविकपणे आठवते. मात्र शल्य काय किंवा दूषीविष काय, हे साम्य समजुतीपुरते आहे. ग्रंथकारांस ही व्याधी ज्ञात होती असा दावा आम्ही करीत नाही आणि दूषीविषाची चिकित्सा येथे लागू पडेल असेही कोणी मानू नये.

रूप आणि सापेक्ष निदान

अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये हळूहळू वाढणारा श्वास, कोरडा कास, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी श्वास आत घेताना ऐकू येणारा बारीक करकर आवाज आणि काही रुग्णांत नखांचा फुगवटा आढळतो. मेसोथेलिओमात बहुधा एकाच बाजूस लक्षणे असतात : छातीत सतत बोथट वेदना, दम, वारंवार साठणारे पाणी, वजन घटणे, दौर्बल्य.

आपल्या देशात छातीत पाणी होण्याचे एक प्रमुख कारण क्षय हेच आहे. म्हणून प्रथम क्षयाचा विचार करणे चूक नव्हे. चूक होते ती नंतर, औषधांनी गुण येत नसताही तोच विचार धरून ठेवण्यात. उपशय-अनुपशय हे निदानाचेच साधन आहे, याचे येथे स्मरण व्हावे. पुढील परिस्थितीत रुग्णास विलंब न करता मोठ्या रुग्णालयात पाठवावे : पन्नाशीपुढील व्यक्तीस एकाच बाजूस पाणी होणे, पाणी काढल्यावर पुन्हा साठणे, ज्वर नसणे व क्षयाचा पुरावा न मिळणे, क्षयाच्या औषधांनी उतार न पडणे, वेदना कायम राहून वजन घटत जाणे. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राने केवळ संशय येतो. सी. टी. स्कॅन आवश्यक असतो. काढलेल्या पाण्याच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी न मिळाल्या तरी मेसोथेलिओमा नाही असे सिद्ध होत नाही. फुप्फुसावरणाचा तुकडा काढून त्यावर विशेष रंजन-परीक्षा केल्यावरच निश्चिती होते.

मुंबई येथील पाहणी

आपल्या राज्यातील कामगारांची स्थिती काय आहे, यावर प्रकाश टाकणारी एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी २२ टक्के कामगारांस अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. याच लेखात त्यांनी नमूद केले की, देशात अंदाजे एक लाख कामगार अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात असता तोपर्यंत नुकसानभरपाई मिळालेल्यांची संख्या ३० हूनही कमी होती. व्यवसायजन्य फुप्फुसविकार ओळखण्याचे शिक्षण डॉक्टरांस नसणे आणि या विकारास क्षय म्हणून नोंदविले जाणे, ही त्यामागील कारणे म्हणून त्यांनी सांगितली.

या आकड्याशेजारी एक जुना आकडा ठेवून पाहावा. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये मेरेवेदर व प्राइस यांनी सरकारसाठी केलेल्या तपासणीत ३६३ अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांपैकी ९५ जणांस, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांस, फुप्फुसाचे काठिण्य आढळले होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत व कामगारांची निवड वेगळी असल्याने त्यांची काटेकोर तुलना होणार नाही. तथापि ७५ वर्षांचे ज्ञान हाताशी असता मुंबईतील चार-पाच कामगारांमागे एकास तीच व्याधी व्हावी, ही गोष्ट मन विषण्ण करणारी आहे.

ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती सर्वत्र लागू झाली, ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेथील वापर बेकायदा ठरविला आणि अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणी झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात. भारतात क्रायसोटाइलची आयात होते आणि त्याचा मोठा भाग सिमेंटच्या पत्र्यांत जातो. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निर्धोक आहे असे अनेकदा सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, क्रायसोटाइलसह, मानवास कर्करोगकारक ठरविले आहेत.

साध्यासाध्यता आणि चिकित्सा

निदान झाल्यावर बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य सुमारे एक ते दीड वर्षाच्या आतबाहेर असते. कर्करोगरोधी औषधे, अलीकडील काळात प्रतिकारक्षमतेवर कार्य करणारी औषधे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, यांनी काहींचे आयुष्य वाढते. पाणी पुन्हा साठू नये म्हणून फुप्फुसावरणाचे दोन पदर चिकटविणे किंवा छातीत नळी ठेवणे यांनी दम कमी होतो.

आयुर्वेदाची मर्यादा येथे स्पष्टपणे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. फुप्फुसावरणात रुतलेला तंतू बाहेर काढणारे किंवा हे अर्बुद बरे करणारे कोणतेही सिद्ध औषध आपल्याकडे नाही. असाध्य व्याधीस साध्य म्हणून हाती घेणाऱ्या वैद्याची कोणती हानी होते, हे आचार्यांनी सांगून ठेवले आहे. रुग्णाची हानी त्याहून मोठी असते. मात्र याचा अर्थ आपले काहीच काम नाही असा नव्हे. अग्नीचे रक्षण, लघु व बल्य आहार, मलबद्धता व अनिद्रा यांवर सौम्य उपाय, मनोबल टिकविणे आणि घरच्यांस सेवेचे मार्गदर्शन करणे हे काम गावातील वैद्यच करू शकतो. अशा क्षीण रुग्णास वमन-विरेचनादी शोधन देऊ नये. कर्करोगाच्या काही औषधांचा वृक्कांवर भार पडतो, म्हणून त्या काळात रसौषधी टाळाव्यात आणि आपण देत असलेले प्रत्येक औषध तेथील डॉक्टरांस लिहून कळवावे.

निदानपरिवर्जन

ज्या व्याधीची चिकित्सा इतकी तोकडी आहे, तिच्यात हेतूचा त्याग हीच खरी चिकित्सा होय. या बाबतीत वैद्याच्या शब्दास गावात किंमत असते. पुढील सूचना रुग्णांस व ग्रामस्थांस अवश्य द्याव्यात.

घरावर किंवा गोठ्यावर सिमेंटचे अखंड पत्रे असतील तर घाबरून ते उतरविण्याची आवश्यकता नाही. तंतू सिमेंटमध्ये बद्ध असेपर्यंत धोका अल्प असतो. धोका निर्माण होतो तो पत्रा कापताना, त्यास छिद्र पाडताना, घासताना आणि फोडताना. गारपिटीने किंवा वादळाने पत्रे फुटले की त्यांचे तुकडे झाडूने कोरडेच गोळा केले जातात, कुटून रस्त्याच्या खड्ड्यांत भरले जातात, मुले त्यांच्याशी खेळतात. हे सर्व वर्ज्य आहे. तुकडे प्रथम पाण्याने भिजवावेत, अधिक न मोडता जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावेत आणि विल्हेवाटीबाबत ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी. विजेच्या कटरने कोरडा पत्रा कापू नये. तोंडास बांधलेल्या उपरण्याने हे तंतू अडत नाहीत. नवे छप्पर घालताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्र्याचा विचार करावा.

वाहनदुरुस्ती करणाऱ्यांनी ब्रेकच्या ड्रममधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नयेत.

आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहावे. आपणांपैकी अनेकांनी महाविद्यालयाच्या रसशास्त्र प्रयोगशाळेत मध्यभागी पांढरा थर असलेली तारेची जाळी बर्नरवर ठेवून काम केले आहे. तो थर जुन्या जाळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. भट्टीजवळील जुने हातमोजे, दोर व तक्ते यांचीही तीच गोष्ट. असे जुने साहित्य कोठे पडून असेल तर ते वापरातून काढावे. औषधनिर्मितीत शंखजिरे वापरणाऱ्यांनी ते अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असल्याचा तपासणी अहवाल मागावा, कारण निसर्गात ही दोन खनिजे कधी कधी एकाच ठिकाणी सापडतात.

नोंद आणि न्याय

अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कळविणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उपचार करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकावर हे बंधन घातले होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेतही ते आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असाही आदेश त्या निकालात आहे. म्हणून जुने ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा किंवा कर्मचारी राज्य विम्याचा कागद रुग्णाच्या घरी असेल तर तो जपून ठेवण्यास सांगावे. औषधाच्या चिठ्ठीइतकेच मोल त्या कागदास आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसवरील संपूर्ण बंदीची मागणी मान्य केली नाही. त्यामुळे पुढील काही दशके असे रुग्ण आपल्याकडे येत राहतील, हे गृहीत धरणे शहाणपणाचे आहे. आपल्याकडे मेसोथेलिओमाची नोंद कमी आहे, ती रोग कमी म्हणून की ओळख कमी म्हणून, हे आपण विचारण्यास आरंभ केल्यावरच समजेल.

एक विनंती

त्या रुग्णानंतर आम्ही आमच्या केसपेपरवर व्यवसायाचा एक रकाना काढून त्या जागी चार प्रश्न छापून घेतले. वयाच्या पंधराव्या वर्षापासून आजपर्यंत कोणकोणती कामे केली? कोणत्या गावी, किती वर्षे? कामाच्या जागी धूळ, धूर किंवा तंतू उडत असत काय? घरातील कोणी असे काम करीत असे काय? हे विचारण्यास तीन-चार मिनिटे लागतात. बहुतेक वेळा त्यातून काही निष्पन्न होत नाही. परंतु कधी एखादा म्हातारा थांबतो, आठवतो आणि म्हणतो की, होय, तरुणपणी दोन वर्षे बॉयलरवर होतो.

त्या शेतकऱ्याच्या पत्नी आजही वर्षातून एकदा आमच्याकडे येतात. प्रकृती ठीक आहे. छातीचे क्ष-किरण चित्र अधूनमधून काढून पाहतो. त्यांना भय वाटेल असे काही आम्ही बोलत नाही, परंतु दम किंवा दुखणे जाणवल्यास एक दिवसही थांबू नये, एवढे बजावून ठेवले आहे. कपडे धुण्याचे ते काम त्यांच्या कोणत्याही कागदावर व्यवसाय म्हणून लिहिलेले नव्हते. आता आमच्या केसपेपरवर ते लिहिलेले आहे.

सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या केसपेपरवर हे चार प्रश्न घ्यावेत, अशी नम्र विनंती आहे. इत्यलम्.